वाहन उद्योगातील ओपन सोर्स परवानापालन

वाहनात कोणते ओपन सोर्स, म्हणजे खुल्या कोडचे, सॉफ्टवेअर आहे याची नोंद ठेवणे आणि त्याच्या परवान्यांतील अटी पाळणे, असे परवानापालनाच्या कामाचे स्वरूप आहे. मोटारीतील पडदा, नकाशा, दूरसंपर्क यांमागे अनेकदा लिनक्स ही खुल्या कोडची कार्यप्रणाली असते. त्याचा सामाईक पाया उभारण्यासाठी 2009 मध्ये जेनिव्ही ही संघटना (आता कोव्हेसा) आणि 2012 मध्ये ऑटोमोटिव्ह ग्रेड लिनक्स प्रकल्प सुरू झाला.

परवाना समजणे सोपे, साखळी सांभाळणे कठीण. चिप बनवणारा कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, बदल करतो, दुसरा पुरवठादार त्यावर भर घालतो, तिसरा तयार यंत्र कारखान्यात पोहोचवतो. ग्राहकाला मोटार विकणाऱ्या कंपनीने मात्र त्यातली एक ओळही लिहिलेली नसते, तरी वितरक म्हणून उत्तर तिलाच द्यावे लागते. लिनक्स कर्नलच्या जीपीएल या परवान्याच्या दुसऱ्या आवृत्तीनुसार (1991) सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामचा मूळ लिखित मजकूर, सोबत द्यावा लागतो, किंवा तो देण्याची किमान 3 वर्षे वैध असलेली लेखी तयारी दाखवावी लागते. हा कोड विकलेल्या आवृत्तीशी तंतोतंत जुळायला हवा. त्यामुळे मोटारीला बिनतारी पाठवलेल्या प्रत्येक अपडेटबरोबर काम नव्याने उभे राहते. टेस्लाने 2018 मध्ये काही कोड खुला केला, तोही जीपीएलचे पालन व्हावे म्हणून झटणाऱ्या सॉफ्टवेअर फ्रीडम कॉन्झर्व्हन्सी या संस्थेच्या दीर्घ पाठपुराव्यानंतर आणि अपुराच.

खरा पेच जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीचा (2007). ग्राहकोपयोगी वस्तूत ग्राहकाने स्वतः बदललेले सॉफ्टवेअर बसवण्यासाठी लागणारी माहितीही द्यावी, असे ती मागते. सुरक्षेसाठी कुलूपबंद ठेवलेल्या प्रणालीत हे परवडत नाही, म्हणून अनेक उत्पादक पुरवठा करारातच ही आवृत्ती नाकारतात. मग ज्या साधनांच्या नव्या आवृत्त्या या परवान्याखाली आल्या, त्यांच्या जुन्या परवान्याच्या जुन्याच आवृत्त्या वापरात राहतात आणि त्यांना मूळ प्रकल्पाकडून दुरुस्त्या मिळणे थांबते. परवान्याची अडचण टाळून सुरक्षेची ओढवून घेणे, असाच हा व्यवहार म्हणावा लागेल.

साखळीतल्या गोंधळावर उपाय म्हणून सॉफ्टवेअरमधील सर्व घटकांची सूची, म्हणजे एसबॉम, पुढे आली. ती लिहिण्याचा एसपीडीएक्स हा नमुना आयएसओ/आयईसी 5962:2021 हे आंतरराष्ट्रीय मानक म्हणून मान्य आहे. ओपनचेन (आयएसओ/आयईसी 5230:2020) हे मानक कंपनीची कार्यपद्धती तपासते, कोड नव्हे; प्रमाणपत्र असूनही एखाद्या उत्पादनात चूक राहू शकते. टोयोटा हे मानक लवकर स्वीकारणाऱ्यांपैकी एक.

संयुक्त राष्ट्रांचा नियम क्र. 155 वाहनाच्या सायबर सुरक्षेत पुरवठादारांकडून येणारी जोखीमही सांभाळायला सांगतो. त्यामुळे पूर्वी कायदा विभागापुरती असलेली ही सूची आता सुरक्षा अभियंत्यांनाही लागते. एखाद्या लायब्ररीत, म्हणजे अनेक प्रोग्राम वापरतात अशा तयार कोडसंचात, दोष सापडला की तो कोणकोणत्या मॉडेलांत गेला आहे, हे ते त्यावरूनच शोधतात.