टाळी वाजवणारे हात

आपल्या मुलाला वर्गात सतत त्रास दिला जातोय हे सांगायला आईबाप शाळेत जातात, तेव्हा समोरून एक वाक्य हमखास येतं : “अहो, टाळी एका हाताने वाजत नाही.” घरातली उत्तरंही ठरलेली असतात. बाबा म्हणतात, “तूही दे एक ठेवून.” आजी म्हणते, “लक्षच देऊ नकोस, कंटाळून सोडेल.” बोलणारी माणसं मायेनेच बोलतात. पण तिन्ही उत्तरांत एकच गोष्ट गृहीत धरलेली असते : हे दोघांचं भांडण आहे. गेल्या पन्नासेक वर्षांतल्या संशोधनाने नेमकं हेच गृहीतक मोडीत काढलं आहे.

या संशोधनाची सुरुवात स्कँडिनेव्हियात झाली. 1969 मध्ये पीटर-पाउल हाइनेमान या स्वीडनमधल्या डॉक्टरांनी शाळेतल्या छळासाठी ‘मॉबिंग’ हा शब्द वापरला. तो पक्षिशास्त्रातून आलेला आहे. दिवसा बाहेर पडलेल्या घुबडामागे कावळ्यांचा थवा कावकाव करत लागतो, तसा मुलांचा कळप एकावर तुटून पडतो, असं त्यांना सुचवायचं होतं. मूळचे स्वीडनचे, पुढे नॉर्वेत बर्गनला काम करणारे मानसशास्त्रज्ञ डॅन ऑल्वेउस यांना ही उपमा पटली नाही. त्यांनी वर्गावर्गांत जाऊन पाहिलं तेव्हा सगळा कळप तुटून पडलेला दिसत नव्हता. दोन-तीन मुलं पुढाकार घेत, बाकीची आजूबाजूला असत. ऑल्वेउस यांनी व्याख्या बांधली ती आजही वापरली जाते : त्रास मुद्दाम दिलेला, पुन्हा पुन्हा दिलेला, आणि ज्याला तो दिला जातो त्याला स्वतःचा बचाव करणं कठीण जाईल इतकी दोघांच्या ताकदीत तफावत.

तिसरा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे. ताकद म्हणजे केवळ दंड नव्हेत. जास्त मित्र असणं, चुरचुरीत बोलता येणं, घरचा पैसा, वरची जात, शाळेच्या भाषेवर पकड, हीसुद्धा ताकदच. एकाच्या मागे सहा जण असतील आणि दुसऱ्याच्या मागे कोणीच नसेल, तर तिथे टाळीची म्हण लागूच पडत नाही. आपल्याकडे मात्र गमतीची खोडी आणि महिनोन्‌महिने चाललेला छळ, दोन्हींना आपण ‘चिडवणं’ असंच म्हणतो. त्या एका शब्दाआड बरंच काही लपून राहतं.

समाज म्हणून पहिली मोठी हालचाल झाली ती नॉर्वेत, आणि तीही फार मोठी किंमत मोजल्यावर. 1982 च्या अखेरीस उत्तर नॉर्वेत 10 ते 14 वर्षांच्या तीन मुलांनी आयुष्य संपवलं. सोबतच्या मुलांकडून झालेला छळ हे त्यामागचं कारण असावं, असं समोर आलं. देश हादरला. 1983 मध्ये शिक्षण मंत्रालयाने देशभर मोहीम सुरू केली. ऑल्वेउस यांच्या त्या वेळच्या पाहणीत साधारण 15 टक्के विद्यार्थी, म्हणजे दर सातांतला एक, छळणारा किंवा छळला जाणारा म्हणून या चक्रात सापडलेला दिसला. बर्गनमधल्या 42 शाळांत त्यांनी आपला कार्यक्रम राबवला. मधल्या सुट्टीत मोठ्यांची नीट देखरेख, वर्गाचे स्पष्ट नियम, पालकांशी गंभीर बोलणं, इतक्या साध्या गोष्टी त्यात होत्या. दोन वर्षांत छळाचं प्रमाण निम्म्याच्या आसपास आलं. पुढे इतर देशांत इतका मोठा फरक क्वचितच दिसला, हेही खरं.

मग कॅनडात एक कल्पक प्रयोग झाला. डेब्रा पेपलर आणि वेंडी क्रेग या संशोधकांनी टोरांटोच्या शाळांत मुलांच्या अंगावर बिनतारी मायक्रोफोन लावले आणि मैदानाचं लांबून चित्रीकरण केलं. मुलांना प्रश्नावली देण्याऐवजी प्रत्यक्ष काय घडतं ते पाहायचं होतं. छळाच्या 88 टक्के प्रसंगांत इतर मुलं हजर होती. ती निम्म्याहून अधिक वेळ नुसती उभी राहून बघत होती. नुसतं बघणं निरुपद्रवी वाटतं, पण घोळका जमला की छळणाऱ्याला मंच मिळतो. मोठ्यांचं काय? एका अभ्यासात शिक्षकांनी जेमतेम 4 टक्के प्रसंगांत हस्तक्षेप केला होता. यात सगळा दोष शिक्षकांचा नाही. बहुतेक प्रसंग मिनिटभरही चालत नाहीत आणि बाईंची पाठ वळल्यावरच घडतात. ते मुलांना दिसतात, मोठ्यांना नाही.

त्याच चित्रीकरणातला एक आकडा मला फार मोलाचा वाटतो. इतर मुलं मध्ये पडली ती फक्त 19 टक्के प्रसंगांत. पण ती मध्ये पडली तेव्हा निम्म्याहून अधिक वेळा, 57 टक्के वेळा, छळ दहा सेकंदांच्या आत थांबला.

1996 मध्ये फिनलंडच्या तुर्कू विद्यापीठातल्या क्रिस्टिना साल्मिवाल्ली यांनी या घोळक्यातली प्रत्येक भूमिका वेगळी करून दाखवली. बारा-तेरा वर्षांच्या 573 मुलांच्या पाहणीत ‘दादा’ होते जेमतेम 8 टक्के. त्यांचे पंटर म्हणावेत असे साथीदार 7 टक्क्यांच्या आसपास. स्वतः हात न लावता खिदळणारे, “दे अजून” म्हणणारे जवळजवळ 20 टक्के. अलिप्त राहणारे त्याहून थोडे जास्त. आणि छळल्या जाणाऱ्याच्या पाठीशी उभे राहणारे 17 टक्के. म्हणजे टाळी खरोखरच वाजते, पण ती वाजवणारे हात भोवतीच्या घोळक्यात असतात. छळणाऱ्याला वर्गात वट हवी असते, आणि ती देणं न देणं या घोळक्याच्याच हाती असतं.

मग ही मुलं गप्प का राहतात? ती निर्दय असतात म्हणून नव्हे. प्रत्येकाला आतून वाईट वाटत असतं, पण बाकीचे शांत आहेत असं पाहून तो समजतो की इतरांना यात काही वावगं वाटत नाही. प्रत्येक जण दुसऱ्याचा चेहरा वाचतो आणि सगळे मिळून चुकीचा निष्कर्ष काढतात. शिवाय उद्या आपला नंबर लागेल ही भीती असतेच, आणि ती अगदी वाजवी आहे.

हा गैरसमज फोडता येतो का, हे अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात 2012-13 मध्ये तपासलं गेलं. एलिझाबेथ लेवी पॅलक या मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 56 शाळांतल्या 24,000 हून अधिक मुलांना विचारलं : तुम्ही कोणाबरोबर वेळ घालवता? त्यावरून प्रत्येक शाळेतल्या मैत्रीचं जाळं काढलं. यातल्या काही शाळांत चिठ्ठ्या टाकाव्या तशा पद्धतीने मुलांचा एक छोटा गट निवडून, शाळेतली भांडणं आणि छळ यांविरुद्ध जाहीर भूमिका घेण्याचं काम त्याच्याकडे दिलं. काय बोलायचं ते मुलांनीच ठरवलं. अशा शाळांत शिस्तभंगाच्या नोंदी सुमारे 30 टक्क्यांनी कमी झाल्या. गटात जितकी जास्त मुलं मैत्रीच्या जाळ्याच्या मध्यावरची होती, तितका परिणाम मोठा. ती मुलं मॉनिटर किंवा पहिल्या नंबरातलीच असतील असं नव्हे. ज्यांच्याकडे बाकीचे बघतात, ती.

शिक्षा कडक केली की प्रश्न सुटेल, असं आपल्याला वाटतं. अमेरिकेत ‘अजिबात गय नाही’ या नावाखाली मुलांना सरसकट शाळेबाहेर काढून पाहिलं. तिथल्या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेने नेमलेल्या तज्ज्ञगटाने 2008 मध्ये पुरावे तपासले, तेव्हा शाळा त्यामुळे अधिक सुरक्षित झाल्याचं दिसलं नाही. घोळका होता तसाच राहिला, तर रिकाम्या जागेवर दुसरा कोणी येऊन उभा राहतो.

महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा 1999 पासून आहे. दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड सगळ्यांना ठाऊक असतो. मला त्यातलं मोलाचं कलम वाटतं ते संस्थाप्रमुखाबद्दलचं : तक्रार येऊनही त्याने कारवाई केली नाही, तर त्याने गुन्ह्याला साथ दिली असं मानलं जातं. बघ्याची जबाबदारी कायद्याने मान्य केली आहे. 2009 पासून विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांनुसार विद्यार्थी आणि पालकांकडून शपथपत्रंही घेतली जातात. शपथपत्र भरून घेणं सोपं आहे. रात्री अकरा वाजता वसतिगृहाच्या व्हरांड्यात कोण हसतंय, ते बदलणं अवघड.

‘वाळीत टाकणं’ हा शब्द आपल्याला चांगलाच परिचित आहे. जातपंचायतींनी माणसांना वाळीत टाकू नये म्हणून आपल्या राज्याला 2016 मध्ये वेगळा कायदा करावा लागला. एकटं पाडणं ही केवढी मोठी शिक्षा आहे, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. तरीही वर्गात एखाद्या मुलीशी कोणी बोलायचं नाही असं ठरतं, तेव्हा मोठी माणसं म्हणतात, “मारलं तर नाही ना?” ब्रिटनमध्ये 1958 च्या एका आठवड्यात जन्मलेल्या मुलांचा माग आजवर ठेवला गेला आहे. त्यांतल्या 7,771 जणांच्या अभ्यासात दिसलं की ज्यांना सातव्या-अकराव्या वर्षी वारंवार छळलं गेलं, त्यांच्यात पंचेचाळिशीतही नैराश्य आणि चिंतेचं प्रमाण अधिक होतं.

फिनलंडने साल्मिवाल्ली यांच्या कामावरून ‘कीवा’ नावाचा कार्यक्रम उभा केला. 2009 पासून तो देशभर पसरला आणि बहुसंख्य शाळांनी स्वीकारला. छळ कमी झाला. पण एक नको ती गोष्टही दिसली. ज्या वर्गांत छळ जवळजवळ थांबला, तिथे अजूनही छळल्या जाणाऱ्या एखाद-दुसऱ्या मुलाची अवस्था अधिक बिकट होती. सगळीकडे त्रास असतो तेव्हा मुलाला वाटतं, शाळाच वाईट. तो आपल्या एकट्याच्याच वाट्याला आला की वाटतं, खोट माझ्यातच आहे.

अशा मुलासाठी काय करावं? छळणाऱ्याला भिडण्याची हिंमत सगळ्यांत नसते आणि ती मागूही नये. याच फिनलंडमधल्या 2011 च्या एका अभ्यासात, ज्यांची बाजू घेणारं वर्गात कोणीतरी होतं, ती छळली जाणारी मुलं कोणीच पाठीशी नसलेल्या मुलांपेक्षा कमी खचलेली होती, आणि वर्गात त्यांना स्थानही थोडं बरं होतं. त्यासाठी कोणी दादाची कॉलर धरायची गरज नसते. मधल्या सुट्टीत त्या मुलाच्या बाकावर जाऊन डबा उघडायचा आणि विचारायचं, “तुझ्याकडे आज कसली भाजी आहे?”