डब्यातली अळी कोणाची: घरमाशीची की काळ्या सैनिक माशीची?

ओल्या कचऱ्याच्या डब्यात अळ्या वळवळताना दिसल्या की पहिला हात फिनेलकडे जातो. जरा थांबा, आधी अळी नीट बघा.

घरमाशीची अळी पांढुरकी, मऊ, तोंडाकडे निमुळती. जेमतेम सेंटिमीटरभर वाढते आणि उन्हाळ्यात आठवड्याभरात कोषात जाते. काळ्या सैनिक माशीची, म्हणजे ब्लॅक सोल्जर फ्लायची अळी चपटी, चिवट कातडीची. दोन-तीन आठवडे खात राहते, दोन सेंटिमीटरपर्यंत जाते आणि शेवटी काळपट होते.

खरा फरक पुढे माशीत दिसतो. घरमाशी शेणावरून उठून पोळीवर बसते, लाळ सोडून अन्न पातळ करते आणि मग शोषते; हगवणीचे जंतू असेच पसरतात. सैनिक माशी जवळजवळ काही खातच नाही. अळी असताना साठवलेल्या चरबीवर ती काही दिवस जगते, कचऱ्याजवळच्या कोरड्या फटीत शेकडो अंडी घालते आणि मरते. दिसते गांधीलमाशीसारखी, पण तिला नांगी नसते. शिवाय तिच्या अळ्या दाट असतात तिथे घरमाशी सहसा अंडी घालत नाही. फिनेल ओतून आपण ही राखणच मारतो.

प्रथिनं मात्र दोघींच्याही अळ्यांत भरपूर. युरोपीय संघाने 2017 मध्ये मत्स्यशेतीच्या खाद्यासाठी सात कीटकांना परवानगी दिली, त्यांत या दोन्ही माश्या आहेत. 2021 मध्ये कोंबड्या आणि डुकरांच्या खाद्यातही मुभा मिळाली. तरी व्यवसाय वाढला तो सैनिक माशीचा, आणि ते योग्यच झालं. वाळवलेल्या अळीत साधारण 40 टक्के प्रथिनं असतात, चरबीत खोबरेल तेलातलं लॉरिक आम्ल असतं. कोषात जायची वेळ आली की अळी खाणं सोडून कोरड्या जागेकडे आपणहून चढते, त्यामुळे उतार लावला की वेचणी आपोआप होते. आणि एखादी माशी सुटली तरी गावाला त्रास नाही.

माणसांच्या ताटासाठी युरोपने 2021 मध्ये पहिली परवानगी दिली ती मीलवर्मला. तो भुंग्याच्या जातीतला, माशी नव्हेच.

एक गोष्ट मनापासून सांगतो. सैनिक माशीची अळी खाल्लेल्या कचऱ्यातलं कॅडमियम, म्हणजे एक विषारी धातू, अंगात साठवते. युरोपात अशा अळ्यांना शेण किंवा हॉटेलातलं खरकटं घालायलाही बंदी आहे. परसातल्या कोंबड्यांना डब्यातल्या अळ्या द्यायच्या असतील, तर त्या डब्यात भाजीची देठं आणि फळांची सालंच जाऊ द्या.