रागाचा वर्ग वेगळा, मारहाण करणाऱ्यांचा वेगळा

बायकोला मारणाऱ्याला ‘राग आवरायला शिकवा’ हा सल्ला ठरलेला. मग त्याचं नाव रागनियंत्रणाच्या वर्गात घालतात, आणि प्रमाणपत्र हातात आलं की प्रश्न मिटला असं घरचे धरून चालतात.

तो वर्ग सर्वांना ठाऊक आहे: पारा चढतोय हे ओळखा, श्वास मोजा, बाजूला व्हा. साधारण ८ ते १२ बैठका. रस्त्यावर हातघाईवर येणाऱ्याला उपयोगी.

घरातल्या मारहाणीत मुळात गृहीतकच चुकतं. साहेब टाकून बोलतात तेव्हा हाच माणूस राग गिळतो. हात सुटतो तो घराचं दार लागल्यावर, तोही बऱ्याचदा वळ कपड्याखाली झाकले जातील असा. म्हणजे आवरता येतं त्याला! म्हणून मारहाण करणाऱ्यांसाठीच्या वेगळ्या गटात चर्चा हुकमतीची: पैसा कोणाच्या हातात, तिचा फोन कोण तपासतं.

ही पद्धत १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात, डुलुथ शहरात आकाराला आली. तिथे एकच घटना घेऊन तक्ता भरायचा असतो: मी काय केलं, कशासाठी, दोष कोणावर ढकलला, तिच्यावर काय परिणाम झाला. गाडी पहिल्याच रकान्यात अडते. ‘वाद वाढला आणि हात उचलला गेला.’ कोणाचा हात? ‘मी तिच्या थोबाडीत मारली’ असं वाक्य येईपर्यंत मार्गदर्शकाने पुढे जाऊ नये.

रागाच्या वर्गातली ‘बाजूला व्हा’ ही युक्ती इथे हत्यारही होते. तिने खर्चाचा विषय काढला की ‘मी टाइम-आउट घेतोय’ म्हणून हा बाहेर; विषय बंद. म्हणून परतायची वेळ सांगून जायचं, दारू प्यायची नाही, आणि पुढे बोलायचं की नाही ते ती ठरवणार.

मुदतीतही फरक आहे, पण तो दुय्यम. कॅलिफोर्नियात घरातल्या मारहाणीबद्दल प्रोबेशनवर, म्हणजे कोर्टाच्या देखरेखीखाली, असलेल्या दोषीला अशा कार्यक्रमात किमान एक वर्ष, दर आठवड्याला किमान २ तास. त्या कार्यक्रमात जोडप्याच्या समुपदेशनाला मनाई आहे, आणि ती योग्यच: तिथे ती खरं बोलली, तर घरी गेल्यावर त्याची किंमत तीच मोजणार.

हे गटही रामबाण नाहीत. अभ्यासांत सरासरी परिणाम लहानच दिसतो. दारूचं व्यसन असेल तर त्यावर वेगळे उपचार लागतात. गैरहजेरी कोर्टाला महिन्याभराने कळली तर धाक राहत नाही. त्याने गट सोडला तर तिला त्याच दिवशी कळवायचं. कुठे राहायचं, कुलूप बदलायचं का, हे तिला त्यावरून ठरवायचं असतं.