ऐतिहासिक रणनीती-खेळांची रचना (टर्न-बेस्ड)

इतिहासातील एखादा कालखंड किंवा मोहीम पटावर अथवा संगणकावर मांडून आळीपाळीने चाली करत पुढे नेण्याचे खेळ तयार करताना रचनाकाराला घ्यावे लागणारे निर्णय. नकाशावरचे एक घर केवढे, एका टर्नमध्ये, म्हणजे एका पाळीत, किती काळ सरतो, लढाईचा निकाल कसा लावायचा, शत्रूबद्दल खेळाडूला किती कळू द्यायचे आणि जिंकणे म्हणजे काय, हे त्यांतले प्रमुख. हे निर्णय वरवर तांत्रिक वाटतात. पण इतिहास कशामुळे घडला याविषयीचे रचनाकाराचे मत त्यांतूनच खेळाडूपर्यंत पोहोचते. या नोंदीत उदाहरणादाखल १७३७ ची साष्टीची मोहीम, म्हणजे मुंबईच्या उत्तरेचे साष्टी बेट पोर्तुगीजांकडून घेण्याची मराठ्यांची मोहीम, आणि त्या बेटावरील ठाण्याचा परिसर घेतला आहे.

पूर्वपीठिका : आधुनिक युद्धखेळांची सुरुवात प्रशियाच्या लष्करी प्रशिक्षणात झाली, राइसविट्झ यांचे क्रीगश्पीलचे (जर्मन भाषेत ‘युद्धखेळ’) नियम १८२४ चे. चार्ल्स रॉबर्ट्स यांच्या ‘टॅक्टिक्स’ने (१९५४) हा प्रकार सामान्य ग्राहकांपर्यंत नेला. संगणकावर सिड मायर आणि ब्रूस शेली यांच्या ‘सिव्हिलायझेशन’ने (१९९१) जो साचा घालून दिला, तो आजही बव्हंशी टिकून आहे.

नकाशा आणि घर : चौकोनी घरांच्या पटावर तिरकी चाल सरळ चालीपेक्षा सुमारे १.४१ पट लांब पडते, पण दोन्हींची किंमत बहुधा सारखीच धरली जाते. षट्कोनी घरात सहाही शेजारी समान अंतरावर असतात. म्हणून १९६१ पासून पटावरच्या युद्धखेळांत षट्कोन रुळला. सिव्हिलायझेशन मालिकेत मात्र तो पाचव्या भागात, २०१० मध्ये आला. त्याच भागात एका घरात एकच लढाऊ तुकडी हा नियमही आला. चौथ्या भागापर्यंत खेळाडू डझनावारी तुकड्या एकाच घरात रचून चालून जात. नव्या नियमाने ती सवय मोडली आणि डोंगर, खिंड, नदी यांना मोल आले. त्याची किंमतही मोजावी लागली. अरुंद जागी तुकड्यांची कोंडी होऊ लागली, एआयला (संगणक चालवत असलेल्या प्रतिस्पर्ध्याला) ती सोडवता येईना आणि देशांच्या नकाशावर तिरंदाज दोन घरे पलीकडे, म्हणजे प्रमाणाने शेकडो किलोमीटरवर, बाण मारू लागले. सहाव्या भागात तुकड्या एकत्र जोडण्याची सोय देऊन हा नियम थोडा सैल केला गेला. तरीही मूळ निर्णय योग्यच होता असे म्हणावे लागते, कारण भूगोल कळल्याशिवाय मोहीम कळत नाही.

ठाण्याचा नकाशा आखायला घेतला की हे नेमके दिसते. जगाच्या नकाशावर साष्टीला स्वतंत्र घरही मिळणार नाही. फक्त साष्टीचाच पट केला, तर पहिला प्रश्न खाडीचा. ती दोन घरांमधल्या कडेवर आखली तर ती नदीसारखी वागते : फौज चालत पार होते, फक्त हल्ल्याचा जोर कमी होतो. खाडीलाच स्वतंत्र घर दिले तर होड्या लागतात, मग होड्या पुरवणारी किनाऱ्यावरची गावे आणि कोळीवाडे महत्त्वाचे ठरतात. दुसरा पर्याय इतिहासाला जास्त धरून आहे. मार्च १७३७ अखेरीस मराठ्यांनी खाडी ओलांडून ठाणे घेतले, तेव्हा पोर्तुगीजांच्या किल्ल्याचे बांधकाम पुरे झालेले नव्हते. खेळाच्या नियमांत ही स्थिती सहज बसते : किल्ल्याला काही टर्न लागतात, दर टर्नला तटबंदी वाढते आणि चढाई करणाऱ्याला अपुऱ्या तयारीनिशी आज निघायचे की पुरेशा तोफा जमवून पुऱ्या बांधलेल्या तटाला भिडायचे, हे ठरवावे लागते. ज्या निवडीत दोन्हीकडे काहीतरी गमवावे लागते, तीच खेळ जिवंत ठेवते.

काळ : सहाव्या सिव्हिलायझेशनमध्ये साधारण वेगाने खेळले, तर सुरुवातीचा प्रत्येक टर्न चाळीस वर्षांचा असतो आणि पुढे तो आखडत जातो. वसई पोर्तुगीजांकडे गेली १५३४ मध्ये आणि ठाणे त्यांच्या हातून सुटले १७३७ मध्ये. त्या सुरुवातीच्या वेगाने ही सारी राजवट पाच टर्नमध्ये आटोपते. ‘एम्पायर : टोटल वॉर’मध्ये (२००९) लढाया सलग वेळेत चालतात, पण मोहिमेचा नकाशा टर्न-बेस्ड आहे आणि त्यात मराठे ही खेळता येणारी सत्ता आहे. तेथे वर्षाचे दोन टर्न असतात, उन्हाळा आणि हिवाळा. ही विभागणी युरोपच्या हवामानाला साजेशी आहे. कोकणात युद्ध थांबवणारा ऋतू पावसाळा. जूनमध्ये पाऊस लागला की फौजा छावणीला जात आणि दसऱ्याला सीमोल्लंघन करून पुन्हा बाहेर पडत. चिमाजी आप्पांच्या फौजेने वसई घेतली ती मे १७३९ मध्ये, पाऊस तोंडावर आलेला असताना. अशा वेढ्याचा सगळा ताण, शिल्लक दिवसांचा हिशेब, पावसाळ्याला जागा नसलेल्या खेळात हरवतो. त्याच टोटल वॉर मालिकेतल्या ‘शोगुन २’ने (२०११) वर्षाचे चार टर्न केले, हे त्या मानाने बरेच पुढचे पाऊल. कोकणच्या मोहिमेसाठी मात्र महिन्याचा टर्न आणि चार बंद महिने, ही मांडणी सर्वांत योग्य ठरेल. खाडीतल्या भरती-ओहोटीचे सुमारे साडेबारा तासांचे चक्र त्यातही बसणार नाही; त्यासाठी प्रत्यक्ष चढाईचा वेगळा, लहान पट हवा.

निकाल आणि माहिती : पहिल्या सिव्हिलायझेशनमध्ये प्राचीन भालाईत कधीकधी युद्धनौका बुडवत. दुसऱ्या भागाने (१९९६) तुकड्यांना हिट पॉइंट, म्हणजे मार सोसण्याची मोजलेली क्षमता, देऊन ते आवरले. तीनास एक अशी अनुकूलता असताना हरलेला खेळाडू खेळावरच अविश्वास दाखवतो, असे मायर यांनी २०१० मधील एका व्याख्यानात सांगितले होते. म्हणून बरेच खेळ नशिबाचा भाग दाखवतात त्याहून कमी ठेवतात. फॉग ऑफ वॉर, म्हणजे न पाहिलेला प्रदेश झाकून ठेवणे, हा अनिश्चिततेचा अधिक चांगला मार्ग होय. साष्टीच्या मोहिमेत अंजूरच्या गंगाजी नाईकांसारख्या स्थानिकांची मदत मराठ्यांना मिळाली होती. बहुतेक खेळांत माहिती मिळते ती फक्त घोडेस्वार पुढे पाठवून. गावाची सहानुभूती कोणाकडे आहे त्यावर नकाशा उघडावा, ही सोय क्वचितच आढळते. ही उणीव मोठी आहे.

टर्नमधील काम : राज्य वाढले की दर टर्नला हलवायच्या तुकड्या वाढतात आणि खेळ रेंगाळतो. सोरेन जॉन्सन यांच्या ‘ओल्ड वर्ल्ड’ने (२०२१) यावर हुकमांची मर्यादा घातली : सगळ्या तुकड्यांना मिळून ठरावीकच हुकूम, ते संपले की टर्न संपला. राजाचे लक्ष सगळीकडे पोहोचत नाही ही गोष्ट त्यातून नेमकी उतरते. एआय मात्र अजूनही दुबळाच. वरच्या पातळ्यांवर तो अधिक हुशार होत नाही, त्याला जास्तीची संसाधने दिली जातात.

खेळण्याची रीत : टर्न-बेस्ड खेळ कुठेही थांबवता येतो. ठाणे–वाशी ट्रान्स-हार्बर लोकलमध्ये फोनवर ‘युनसिव्ह’सारखा मोफत, मुक्तस्रोत खेळ काढून ऐरोली येईपर्यंत चार-दोन टर्न उरकता येतात. घरी एकाच लॅपटॉपवर आळीपाळीने बसण्याच्या पद्धतीला हॉटसीट म्हणतात.

विजयाची अट : खेळ कोणत्या वर्षी संपवायचा, हा सर्वांत बोलका निर्णय. साष्टीचा पट १७३९ ला बंद केला तर तो मराठ्यांच्या विजयाचा खेळ होतो आणि त्यात तोफा, सुरुंग व वेढा निर्णायक ठरतात. तोच पुढे नेला तर इंग्रज १७७४ च्या डिसेंबरअखेर ठाणे घेतात आणि १७८२ च्या इंग्रज-मराठ्यांमधील सालबाईच्या तहात साष्टी त्यांच्याकडेच राहते. मग पहिल्या टर्नपासून मुंबई बेटावरचा तिसरा खेळाडू पटावर असावा लागतो आणि आरमारावर खर्च न करणाऱ्या बाजूला त्याची किंमत शेवटच्या टर्नमध्ये मोजावी लागते.