विसर्गाचा नियम की साठ्याचा? एकाच पावसाचे दोन हिशेब

दोन शहरं एकमेकांना लागून, एकाच नदीच्या काठावर. दोन्हींच्या नियमावलीत जवळपास सारखंच वाक्य: बांधकामामुळे वाढणारं पावसाचं पाणी प्लॉटवरच आवरा. तरीही एका शहरात मंजूर झालेली टाकी शेजारच्या शहरात नामंजूर होते. कारण पहिलं शहर विसर्ग मोजतं, म्हणजे प्लॉटमधून दर सेकंदाला किती लिटर पाणी बाहेर पडतं ते. दुसरं मोजतं की किती पाणी बाहेर पडलंच नाही.

आकडे मांडून पाहू. १,००० चौरस मीटरचा प्लॉट, आणि ताशी १०० मिलिमीटरच्या जोराने तासभर पाऊस. मोकळ्या मातीवरून त्यातला ३० टक्के वाहून जातो असं धरू, काँक्रीट आणि छपरावरून ९० टक्के. मातीचा प्लॉट सेकंदाला सुमारे ८ लिटर सोडतो, तासाभरात ३० घनमीटर. तोच प्लॉट पूर्ण बांधून काढला की सेकंदाला २५ लिटर आणि तासाभरात ९० घनमीटर.

विसर्गाचा नियम म्हणतो, ८ लिटरच्या वर जायचं नाही. मग जादा ६० घनमीटर पाण्यासाठी टाकी बांधायची आणि तिच्या तळाशी लहान तोंड ठेवायचं. पाऊस थांबल्यावर ती आणखी दोन तास वाहत राहते. नाला तुंबत नाही, पण ते ९० घनमीटर पाणी शेवटी सगळं नाल्यातच जातं.

साठ्याचा नियम म्हणतो, पहिल्या २५ मिलिमीटर पावसाचं पाणी बाहेर जाऊच द्यायचं नाही. ते मुरवा, वापरा, झाडांना द्या. म्हणजे साडेबावीस घनमीटरची सोय. वरच्या पावसात ती पंधराव्या मिनिटाला भरते, आणि त्यानंतर प्लॉट पुन्हा सेकंदाला २५ लिटर सोडू लागतो.

यातला कुठलाही नियम दुसऱ्याचं काम करत नाही, आणि हे ध्यानात न आल्यानेच बहुतेक वाद होतात. विसर्गाची मर्यादा आखली जाते ती क्वचित येणाऱ्या मोठ्या पावसासाठी. नेहमीच्या हलक्या सरी टाकीच्या तळातल्या तोंडातून सहज निघून जातात, आणि रस्त्यावरचं तेल व टायरची झीज त्यांच्याबरोबर नदीत उतरते. साठ्याचा नियम नेमक्या याच सरी पकडतो. ढगफुटीपुढे मात्र तो तोकडा पडतो. टाकीचंही तसंच. विसर्गासाठीची टाकी पावसाआधी रिकामी हवी. वापरासाठी काठोकाठ भरून ठेवलेली टाकी पुराच्या दिवशी काहीच रोखत नाही. ‘आम्ही पाणी साठवतो, म्हणजे पुराला हातभार लावत नाही’ हा समज म्हणूनच धोक्याचा आहे.

सिंगापूरचा २०१४ पासूनचा नियम विसर्गाचा आहे: ०.२ हेक्टर आणि त्याहून मोठ्या प्रकल्पांना कमाल विसर्ग ०.५५ या प्रवाह गुणांकाच्या (पडलेल्या पावसातला वाहून जाणारा हिस्सा, इथे ५५ टक्के) आत ठेवावा लागतो. अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टन २०१३ पासून साठ्यावर भर देते: ५,००० चौरस फूट किंवा त्याहून जास्त जमिनीवर काम काढलं, की पहिल्या १.२ इंच, म्हणजे सुमारे ३० मिलिमीटर पावसाचं पाणी जागीच ठेवायचं. मोठ्या पावसासाठी विसर्गाच्या अटी तिथेही आहेतच.

विसर्ग पूर्वीपेक्षा वाढू नये, असं सांगणाऱ्या या अटींमध्येच सगळ्यात फसवा शब्द दडलेला असतो: ‘पूर्वस्थिती’. पूर्वी म्हणजे कधी? जुनी इमारत पाडून नवी बांधायची असेल, तर ‘पूर्वी’ तिथे काँक्रीटच होतं. ते प्रमाण मानलं, तर मालकाला जवळजवळ काहीच करावं लागत नाही. ‘पूर्वी’चा अर्थ गवताळ माळ असा धरला, तर त्याच प्लॉटवर मोठी टाकी लागते. वॉशिंग्टनच्या नियमात हे दोन्ही अर्थ शेजारी शेजारी आहेत: २ वर्षांतून एकदा येणाऱ्या पावसासाठी तुलना माळाशी, १५ वर्षांतून एकदा येणाऱ्यासाठी प्रकल्पाआधीच्या स्थितीशी. नियमावली हातात आली, की मी टक्केवारीआधी हीच व्याख्या शोधायला सांगेन.

आणि नदीला शहरांची हद्द कळत नाही. वरच्या शहराने फक्त विसर्ग रोखला, तर त्याच्या शेकडो टाक्या उशिरा, पण एकाच सुमारास रिकाम्या होत राहतात. खालच्या शहरातलं पाणी तोवर ओसरलं असेल तर ठीक. पण दुसऱ्या उपनदीचा लोंढा त्याच वेळी पोहोचला, तर दोन्ही लोंढे एकमेकांवर चढतात आणि टाक्या नसत्या त्याहूनही पातळी वर जाऊ शकते. शिवाय मध्यम जोराचं पाणी जास्त तास वाहत राहिलं, की ओढ्याचे काठ खचतात. प्रत्येक प्लॉटचा विसर्ग कागदोपत्री मर्यादेत असताना हे घडतं, म्हणून खालच्या शहराच्या अभियंत्याने वरच्या शहराकडून टाक्यांच्या आकाराबरोबर त्या रिकाम्या होण्याच्या वेळाही मागून घ्यायला हव्यात.