चकाकणारं सिंबल आणि शंभर ग्रॅमचा हिशेब

रिफर्बिश्ड मोबाइलमध्ये बॅटरी नवी टाकलेली असते, स्क्रीन बदललेला असतो. काय काय झालं ते निदान कागदावर लिहिता येतं. ड्रमसेटच्या सिंबलमध्ये बदलायला भागच नाही. मध्ये भोक, भोवती घुमट आणि मग मिलिमीटरभर जाडीची पसरत गेलेली धातूची थाळी, एवढंच ते वाद्य. त्यामुळे ‘फॅक्टरी रिफर्बिश्ड’ अशी चिठ्ठी लावलेलं क्रॅश (जोरकस टोल्याचं सिंबल) किंवा राइड (सतत ताल धरायचं मोठं सिंबल) समोर आलं की आधी विचारायचं: याला केलंय काय? उत्तरं मोजकीच असतात. धुतलं, पॉलिश केलं, लेथवर पुन्हा सोललं, ठोकून सरळ केलं किंवा कड कापली. यातल्या एकाही कामात धातूची भर पडत नाही. बहुतेक कामांत तो कमीच होतो, आणि सिंबलचा आवाज तर धातू किती आहे आणि कुठे आहे यावरच ठरतो.

‘फॅक्टरी’ हा शब्दही जरा तपासून घ्यावा. डेमोसाठी ठेवलेला नग, ग्राहकाने परत केलेला, छपाई वाकडी झालेला किंवा पृष्ठभागावर डाग राहिलेला माल कंपनीकडून पुसूनपासून, कमी किमतीत पुन्हा विकला जाऊ शकतो. हा रिफर्बिश्डचा प्रामाणिक अर्थ. तडा गेलेलं सिंबल मात्र कारखान्यात कुणी जोडत बसत नाही. ओतीव सिंबल करणाऱ्या कारखान्याला ते मोडून भट्टीत टाकणं परवडतं. म्हणून ‘तडा होता, कंपनीने दुरुस्त केला’ असं कुणी सांगितलं, तर दुरुस्ती बहुधा एखाद्या लेथवाल्याकडे झालेली असते.

पुण्यात असा माल लक्ष्मी रस्ता-बुधवार पेठेतल्या वाद्यांच्या दुकानांत दिसतो, ऑनलाइन जाहिरातींत दिसतो आणि क्वचित रविवार-बुधवारच्या जुन्या बाजारातही. कुठूनही घ्या, सोबत तीन गोष्टी न्या: पाच किलोपर्यंत मोजणारा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा, मोजपट्टी आणि कापसाचा बोळा. ड्रमस्टिक तर असतेच.

काट्याचं महत्त्व एका हिशेबात कळेल. 16 इंची क्रॅशचा व्यास 40.6 सेंटिमीटर, म्हणजे क्षेत्रफळ सुमारे 1,295 चौरस सेंटिमीटर. वीस टक्के कथलाच्या ब्राँझची घनता साधारण 8.6 ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर. तेव्हा सगळीकडून मिळून फक्त 0.1 मिलिमीटर धातू उतरला, तरी वजनातून 110 ग्रॅम जातात. किलोभराच्या क्रॅशची सरासरी जाडी 0.9 मिलिमीटर भरते, म्हणजे एवढ्याशा सोलण्याने एक नवमांश जाडी संपली. थाळीच्या कंपनांची वारंवारता ढोबळमानाने जाडीच्या प्रमाणात बदलते. जाडी दहा टक्के घटली की सूर जवळजवळ दोन अर्धस्वर खाली येतो. हार्मोनियमवर दोन पट्ट्या उतरल्यासारखंच. डोळ्यांना न दिसणारी 0.1 मिलिमीटरची चोरी काट्यावर पकडली जाते, ती अशी.

तुलनेसाठी मूळ वजन हवं. काही कंपन्या घुमटाखाली शाईने ग्रॅममध्ये वजन लिहितात. ते टिकलं असेल तर उत्तमच. नसेल तर ढोबळ आकडे लक्षात ठेवा. 14 इंची हायहॅटचं (पायाने उघडमिट होणाऱ्या जोडीचं) वरचं पान 850 ते 1,050 ग्रॅम, खालचं 1,100 ते 1,400. 16 इंची क्रॅश पातळ असेल तर 850 ते 1,000, मध्यम असेल तर 1,000 ते 1,200. 18 इंची क्रॅश 1,250 ते 1,600. 20 इंची राइड 1,900 ते 2,700. वर ‘मीडियम’ किंवा ‘हेवी’ छापलंय आणि वजन पातळ नगाचं भरतंय, तर ते बहुधा पुन्हा सोललेलं आहे. सोललेलं म्हणजे वाईटच असं नाही. पातळ क्रॅश हलक्या टोल्यालाही लगेच खुलतं आणि लवकर विझतं, काहींना तेच हवं असतं. पण ते ‘हेवी’च्या किमतीला का घ्यावं?

खुलणं म्हणजे काय, तेही पाहू. काठी लागल्यावर पहिल्या दहा-वीस मिलिसेकंदांत खालचे सूर पुढे असतात. मग ऊर्जा हळूहळू वरच्या कंपनांकडे सरकते आणि 3 ते 5 किलोहर्ट्झमधली ती झगमग साधारण 50 ते 100 मिलिसेकंदांनी भरात येते. हे सरकणं टोल्याच्या जोरावर अवलंबून असतं. जोरात मारल्यावर सिंबल नुसतं मोठ्याने वाजत नाही, वेगळंच वाजतं. म्हणून दुकानात एकच टोला देऊन निवड करू नये. आधी अगदी हलका, मग मधला, मग गाण्यात माराल तसा टोला द्यावा आणि प्रत्येक वेळी आवाज पूर्ण विझेपर्यंत थांबावं. दुकानदार कंटाळला तर कंटाळू दे.

धातू कोणता, यावर बाकीचं बरंच ठरतं. महागडी ओतीव सिंबल्स बहुतेक बी-ट्वेंटीची, म्हणजे 80 टक्के तांबं आणि 20 टक्के कथील. आपल्याकडचं कासं याच कुळातलं. वारकऱ्यांचे टाळ आणि तळपायाला तूप चोळायची काशाची वाटी यांचा हा जवळचा नातेवाईक. वाटी हातातून फरशीवर पडली की तडकते, हे घरोघरी ठाऊक आहे. तो ठिसूळपणा सिंबलमध्येही दडलेला असतो. हे मिश्रण तापवून सावकाश निवू दिलं, तर 520 अंश सेल्सिअसच्या आसपास त्यात डेल्टा नावाची कडक, काचेसारखी ठिसूळ रचना तयार होते. म्हणून कारखान्यात लालसर तापलेली थाळी पाण्यात बुडवतात. पोलाद असं बुडवलं की कडक होतं. हे ब्राँझ उलट लवचीक होतं आणि मग हातोडा सोसतं. आपल्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत तांब्याच्या भांड्यावर मठार पडते, तसाच हातोडा इथेही पडतो. फरक असा की भांड्यावर तो मजबुती आणि शोभा आणतो. सिंबलवर थाळीतला ताण ठरवतो, आणि त्या ताणावरच आवाजाचा पोत अवलंबून असतो.

यातूनच कळतं की तड्याला वेल्डिंग किंवा ब्रेझिंग (दुसरा धातू वितळवून जोडणं) का चालत नाही. जोडाभोवतीचा पट्टा तापतो, सावकाश निवतो आणि नेमका तिथेच ठिसूळ होतो. जोड दिसायला पक्का. चार-सहा तालमींनंतर त्याच्या शेजारी नवा तडा. जोड दिलेलं सिंबल भंगाराच्या भावानेसुद्धा वाजवायला घेऊ नये.

बहुधा स्वस्तातला बी-एट, म्हणजे 92 टक्के तांबं आणि 8 टक्के कथील, पत्र्यातून कापतात. त्यात ती ठिसूळ रचना जवळपास नसते. कडकपणा येतो तो थंडच लाटण्या-ठोकण्यातून. पितळेचं सिंबल त्याहून खालच्या पायरीचं, शिकाऊ सेटबरोबर येतं ते. त्यावर रिफर्बिश्डचा खर्च करणं म्हणजे चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला.

आता तडे. कडेवरून आत जाणारा तडा सगळ्यात जास्त दिसतो. काठी सपाट धरून कडेवर सरळ हाणली की धातू थकतो. स्टँडवरचा विंगनट (पंखांचा नट) आवळून सिंबलचं डोलणं बंद केलं की आणखी लवकर थकतो. सुरुवात बहुधा एखाद्या बारीक खाचेपासून होते. कडेवर आपटून पडलेली मोहरीएवढी खाचही ताण एका बिंदूत गोळा करते. रिफर्बिश्ड नगात ही खाच आणि तिच्यामागचा केसाएवढा तडा पॉलिशच्या राळेने आणि धातूच्या चुऱ्याने भरलेला असू शकतो. डोळा फसतो, कापूस फसत नाही. बोळा चिमटीत हलका धरून कडेवरून पूर्ण फेरी मारा, एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे. जिथे एखादा तंतू अडकून राहील तिथे मोबाइलचा टॉर्च जवळजवळ आडवा धरा. चराची (लेथने पाडलेल्या गोल रेघेची) सावली गुळगुळीत आणि गोलाईत असते. तडा चरांना छेदून वेडावाकडा जातो.

मग टिचक्या. सिंबल भोकातून दोरीवर लटकवा आणि स्टिकच्या टोकाने कडेवर दर तीन सेंटिमीटरला हलकी टिचकी मारत जा. 16 इंचाचा परीघ 128 सेंटिमीटर आहे, म्हणजे चाळीसेक टिचक्या. सूर थोडा इकडेतिकडे होईल, हाताने ठोकलेल्यात तर नक्कीच. पण एखाद्या जागी कागद फडफडल्यासारखी खरखर आली किंवा आवाज तिथेच दबला, तर तड्याचे दोन्ही काठ एकमेकांवर घासत आहेत.

दुसरा तडा चराच्याच रेषेत, गोलाईने जातो. तो जास्त घातकी, कारण चरात लपतो आणि लेथने खोल सोललेल्या जागीच येतो. तिसरा घुमटाच्या पायथ्याशी. चौथा भोकापासून सुरू होतो. भोक मुळात गोल, साधारण 12 ते 12.7 मिलिमीटरचं. स्टँडच्या दांड्यावर नायलॉनची नळी नसेल तर आटे धातू खात जातात आणि भोक किल्लीच्या छिद्रासारखं लांबट होतं. दुरुस्तीवाला ते मोठ्या ड्रिलने पुन्हा गोल करून देतो. म्हणून भोकही मोजावं. 14-15 मिलिमीटर भरलं, तर ते एकदा लांबट झालेलं होतं.

शंका राहिली आणि नग महागाचा असेल, तर पुण्यात एक सोय हाताशी आहे. भोसरी-चिंचवडच्या वर्कशॉपमध्ये ओतीव भाग तपासायला डाय पेनिट्रंट वापरतात, तीन डब्यांचा स्प्रे असतो. आधी क्लीनरने तेल-पॉलिश पूर्ण काढायचं, लाल रंग फवारायचा, दहा मिनिटं थांबायचं, कपड्याने पुसायचं आणि पांढरं डेव्हलपर मारायचं. तड्यात शिरलेला लाल रंग काही मिनिटांत वर येऊन रेघ उमटते. चरांतही थोडा रंग अडकतो, पण त्या रेषा फिकट, समांतर आणि गोल असतात. विक्रेत्याची परवानगी मात्र आधी घ्या. क्लीनरने छापील लोगो जाऊ शकतो.

कडेचा छोटा तडा थांबवायची एक रीत चालते. तडा डोळ्यांना जिथे संपतो त्याच्या दोन-तीन मिलिमीटर पुढे 3 ते 4 मिलिमीटरचं भोक पाडायचं आणि दोन्ही बाजूंची धार घासून काढायची. तड्याचं टोक अतिशय टोकदार असतं, सगळा ताण तिथेच साठतो. गोल भोकाने तो पसरतो. असं सिंबल सरावाला वर्ष-दोन वर्षं काढू शकतं. फक्त विक्रेत्याने ते भोक लपवलेलं नसावं.

कड कापलेली ओळखायला मोजपट्टी पुरते. 14 इंच म्हणजे 356 मिलिमीटर, 16 म्हणजे 406, 18 म्हणजे 457, 20 म्हणजे 508. दोन-तीन मिलिमीटरचा फरक सोडून द्या, दहाचा सोडू नका. 18 इंचाचं 17 केलं तर सूर सुमारे दोन अर्धस्वर वर जातो, कारण वारंवारता व्यासाच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. शिवाय सिंबल कडेकडे पातळ होत जातं. तीच पातळ कड गेल्यावर नवी कड जाड राहते आणि क्रॅश ताठर, ताटलीसारखं वाजायला लागतं.

चकाकीबद्दल एवढंच: ती गुण नाही. बफिंगच्या चाकाने चर बोथट होतात, ठोक्यांच्या खुणा अर्धवट पुसतात, कंपनीचा दाबून उठवलेला शिक्का उथळ होतो. शिक्का नखाला लागत नसेल तर किती धातू गेला याची कल्पना करा. तपकिरी-निळसर पट्टे दिसले तर चाक एका जागी फार वेळ टेकलं आणि धातू तापला. त्यापेक्षा जुनं, काळवंडलेलं पण हात न लावलेलं सिंबल केव्हाही बरं. हिरवट जंगाल पृष्ठभागावरच असेल तर चिंचेच्या कोळाने दोन मिनिटांत निघतं, पण खाली खड्डे असतील तर ते राहतात.

हायहॅट घेताना दोन्ही पानं एकाच जोडीची आहेत का ते पाहा. रिफर्बिश्ड मालात अनाथ पानांची लग्नं बरीच लागतात. वरचं हलकं, खालचं 100 ते 300 ग्रॅमने जड, असा बेत असतो. प्रत्येक पान कडप्प्याच्या ओट्यावर पालथं ठेवून कडेखालून प्रकाश बघा. एखाद्याच जागी मोठी फट दिसली तर ते पान वाकलेलं आहे. काही मॉडेल्सचं खालचं पान मुद्दाम नागमोडी असतं, ते वेगळं. तिथे लाटा सारख्या अंतरावर असतात.

सोसायटीच्या फ्लॅटमध्ये राहणारे बरेच जण इलेक्ट्रॉनिक सिंबल घेतात, आणि रिफर्बिश्ड हा शब्द तिथे खऱ्या अर्थाने लागू पडतो. रबर, पिएझो (टोला टिपणारा) सेन्सर, कडेचा स्विच आणि 6.35 मिलिमीटरचा जॅक हे भाग खरंच बदलता येतात. बहुतेक दोन झोनच्या (मधला भाग आणि कड वेगळी ओळखणाऱ्या) पॅडमध्ये जॅकच्या टोकाला पिएझो आणि मधल्या कड्याला कडेचा स्विच जोडलेला असतो. मल्टिमीटर मधल्या कड्यावर आणि बाहेरच्या नळीवर लावून रबराची कड दाबत फेरी मारा. दाबल्यावर रोध शून्याजवळ यायला हवा, सोडल्यावर सर्किट उघडायला हवं. एखाद्या जागी हे होत नसेल, तर तिथे हाताने सिंबल धरून आवाज थांबवता येणार नाही.

ऑनलाइन घेताना फोटो मागा: दोन्ही बाजू, कडेचे चार तुकडे जवळून, भोक, आणि काट्यावर ठेवलेलं सिंबल, आकडा दिसेल असं. वॉरंटी बहुतेक वेळा पहिल्या ग्राहकापुरतीच असते, तेव्हा विक्रेता स्वतः लेखी किती दिवसांची देतो ते विचारा. काहीच देत नसेल तर नव्याच्या निम्म्याहून जास्त मोजू नका. आणि घरी आणल्यावर स्टँडवर चढवण्याआधी दांड्यावर नवी नायलॉनची नळी आणि वर-खाली फेल्टच्या नव्या चकत्या घाला. विंगनट एवढाच फिरवा की कड बोटाने दाबून सोडली तर सिंबल तीन-चार वेळा मोकळं डोलेल.