नवं सॉफ्टवेअर घेण्याआधी आम्हाला तुमचं गोडाऊन दाखवा

“साहेब, स्टॉक जुळत नाही. एखादं चांगलं सॉफ्टवेअर सांगा.” आम्ही छोट्या उद्योगांना कॉम्प्युटर आणि हिशेबाच्या व्यवस्थेबद्दल सल्ला देतो, आणि आम्हाला येणारे बरेचसे फोन असेच सुरू होतात. आम्ही फोनवर कुठल्याच सॉफ्टवेअरचं नाव सांगत नाही. आधी अर्धा दिवस तुमच्याकडे येऊन बसतो, माल कुठून कुठं जातो आणि कोण काय लिहितं ते बघतो.

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याचं उदाहरण घ्या. सूत किलोवर येतं, लूमवरून उतरलेला माल नगावर मोजतात, पॅकिंगमध्ये त्याचे डझन होतात आणि काही व्यापाऱ्यांचं बिल पुन्हा किलोवर निघतं. गोडाऊनच्या वहीत डझन, ऑफिसच्या टॅलीत, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये, नग. सेकंड, म्हणजे थोडा दोष असलेला माल तर कुठंच लिहिला जात नव्हता. यावर कितीही महागडं सॉफ्टवेअर बसवलं असतं तरी आकडे चुकीचेच आले असते, फक्त स्क्रीनवर छान दिसले असते.

आम्ही पॅकिंगच्या टेबलाशेजारी वजनकाटा ठेवला आणि दोन प्रतींचं पावती पुस्तक छापून घेतलं. प्रत्येक गठ्ठ्यावर एक पावती: डिझाईन नंबर, नग, वजन. सेकंड मालाची पावती गुलाबी. कामगारांत कुणी तेलुगू बोलणारं, कुणी कन्नड, म्हणून पावतीवर वाक्य एकही नाही, नुसते आकडे आणि रंग. संध्याकाळी दुसरी प्रत ऑफिसात येते. नग, डझन आणि किलो या तिन्हींचा हिशेब त्यांच्या आहे त्याच टॅलीत बसला, कारण एका मालाला जोड युनिट (जसं डझन आणि नग) आणि पर्यायी युनिट (जसं किलो) लावायची सोय तिथं आधीपासूनच होती. नवं सॉफ्टवेअर घ्यावंच लागलं नाही.

आम्ही कुठल्याही कंपनीचे डीलर नाही आणि विक्रेत्यांकडून कमिशन घेत नाही. फी फक्त तुमच्याकडून घेतो. म्हणूनच “हे घेऊ नका” असं मोकळेपणानं सांगता येतं.

दुसरं दुखणं बॅकअपचं. हिशेबाचा बॅकअप पेनड्राईव्हवर असतो आणि पेनड्राईव्ह त्याच कॉम्प्युटरला कायमचा लावलेला. व्हायरस आला किंवा वीज वरखाली होऊन मशीन जळालं, तर दोन्ही एकदमच जातात. एक प्रत ऑफिसबाहेर हवी. आणि महिन्यातून एकदा ती दुसऱ्या मशीनवर उघडून बघायला हवी. हे उघडून बघणं जवळजवळ सगळेच टाळतात, आमचा आग्रह मात्र त्यावरच जास्त असतो. तुमच्याकडं अजून विंडोज १० असेल तर तेही सांगा. त्याचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे.

आणखी एक गोष्ट आजच तपासा. जीएसटी पोर्टलचा ओटीपी कुणाच्या मोबाईलवर येतो? वेबसाईटचं डोमेन, म्हणजे तिचा इंटरनेटवरचा पत्ता, कुणाच्या नावावर आहे? नोकरी सोडून गेलेल्या माणसाच्या नंबरावर सगळं अडकलेलं आम्ही पाहिलं आहे, आणि तेही नेमकं रिटर्न भरायच्या शेवटच्या दिवशी.

रिटर्न भरणं हे तुमच्या सीएंचं काम, ते आम्ही करत नाही. वायरिंग, कॅमेरे बसवायलाही माणूस सुचवू, पैसे त्यालाच द्या.

अर्धा दिवस येऊन बसण्याआधीची पहिली भेट तासाभराची आणि विनामूल्य. कागद जमवत बसू नका. गोडाऊनची वही, मागच्या महिन्याची चार बिलं आणि ती वही रोज लिहिणारा माणूस, एवढंच समोर असू द्या.